एनजीसीची यादी आहे, दुर्बीण आहे. रात्री बघायचं काय? (इंदूर)

सांजवात | ६ मार्च २०२६, रात्री १०:१२

दिवाळीत ८ इंची डॉब (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घेतली. चंद्र झाला, गुरू-शनी झाले, मृगातला तेजोमेघ घरातल्या सगळ्यांना दाखवून झाला (आईचा अभिप्राय: "धुकंच आहे की गं"). मग ठरवलं, आता जरा शिस्तीत करू. मेसिएची यादी (आकाशातल्या ११० धूसर वस्तू, एम १ ते एम ११०) वहीत उतरवली आणि एम १ पासून सुरुवात केली. एम १ सुदामानगरच्या गच्चीवरून दिसलाच नाही. मग एम २. फेब्रुवारीच्या थंडीत तासभर कुंभ रास शोधत होते. शेवटी भावाने मोबाइलवर बघून सांगितलं, "ताई, कुंभेत सध्या सूर्य आहे."

नंतर एनजीसीची (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिकांची मोठी सूची) अख्खी फाइल मिळाली. ७,८४० ओळी. एक्सेलमध्ये उघडली आणि तशीच बंद केली. २१ मार्चच्या शनिवारी बाबांची गाडी मिळणार आहे, चोरलच्या पुढे ओळखीच्यांचं शेत आहे. एवढ्या ओळींतून एका रात्रीपुरतं काय आणि कसं निवडायचं, कुणी सांगेल का?

अवकाळी | ६ मार्च, रात्री १०:४०

वाचतोय. माझी गाडी पण एम १ लाच अडली होती, ती दोन वर्षं तिथेच उभी आहे.

रामबागकर | ७ मार्च, सकाळी ७:०५

सांजवात, तुमचं काही चुकलेलं नाही, सगळेच तिथून सुरू करतात. मेसिएचा अनुक्रम आणि आकाशाचा क्रम यांचा काही संबंध नाही. शार्ल मेसिए धूमकेतू शोधणारा माणूस. १७५८ साली एका धूमकेतूच्या मागावर असताना त्याला वृषभेत एक धूसर ठिपका दिसला, तो जागचा हलेना. तो एम १. अशा फसव्या ठिपक्यांची नोंद तो ठेवत गेला. १७७४ च्या यादीत ४५ होते, १७८१ च्या यादीत १०३, आणि ११० पर्यंतची भर विसाव्या शतकात लोकांनी घातली. म्हणजे ते नंबर साधारण त्याच्या डायरीच्या क्रमाने पडलेत. त्या क्रमाने आकाश बघणं म्हणजे पोस्टमनने पत्त्याप्रमाणे न जाता पत्रावरच्या तारखेप्रमाणे टपाल वाटणं. रामबागेतून राजवाडा, राजवाड्यातून परत रामबाग.

एनजीसीचं मात्र तसं नाही, आणि हीच गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत. ड्रायरने १८८८ मध्ये ती सूची छापली ती विषुवांशाच्या (आकाशातला रेखांश, तासांत मोजतात) क्रमाने. म्हणजे एनजीसीचा नंबर हेच घड्याळ आहे. नंबर जितका मोठा, तितकी वस्तू उशिरा दक्षिणोत्तर रेषेवर येणार. २६३२ म्हणजे कर्केतला एम ४४, त्याचा विषुवांश पावणेनऊ तासांच्या आत-बाहेर. ३२४२ साडेदहाला थोडा कमी. ४५९४ म्हणजे एम १०४, पावणेएकच्या किंचित आधी, म्हणजे १२ तास ४० मिनिटं. ५१३९ साडेतेराच्या जवळ. २१ मार्चला इंदूरला रात्री नऊला साधारण साडेआठ तासांचा विषुवांश माथ्यावरून जात असतो आणि पहाटे दोनला साडेतेराचा. तेव्हा त्या रात्रीसाठी तुमच्या ७,८४० ओळींतल्या साधारण १९०० ते ५३०० एवढ्याच कामाच्या. बाकीच्या डोळे मिटून लपवा.

एक गंमत दिसेल. घड्याळ एकसारखं चालत नाही. ४००० पासून ५००० पर्यंतचे जवळजवळ हजार नंबर अवघ्या सव्वा तासाच्या पट्ट्यात कोंबलेले आहेत. तो कन्या आणि अरुंधती केशमधला दीर्घिकांचा बाजार. तिथे पहिल्या वर्षी घुसू नका. सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) रात्री दहाला गाडी घालण्यासारखं आहे, आत जाता येतं, बाहेर निघता येत नाही.

दुसरी चाळण क्रांतीची, म्हणजे आकाशातल्या अक्षांशाची. इंदूरचा अक्षांश २२.७. तेव्हा उणे ६७ च्या खालचं आपल्याला कधीच उगवत नाही. पॅट्रिक मूरने १९९५ मध्ये काढलेली कॉल्डवेल यादी (सी १ ते सी १०९) इथे फार सोयीची, कारण तिच्यातल्या १०९ वस्तू उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने लावल्या आहेत. शेवटच्या सात (१०३ ते १०९) खोडा, विषय संपला. सी १०२ जेमतेम तीन अंश वर येतो, तो मनातल्या मनात खोडा.

पण दक्षिणेचा दुसरा अर्थही बघा. मेसिए पॅरिसमध्ये होता. वृश्चिकेच्या नांगीजवळचा एम ७ त्याला क्षितिजावर सहा अंश दिसायचा, आपल्याला ३२ अंश दिसतो. नरतुरंगातला ओमेगा (एनजीसी ५१३९, ताऱ्यांचा गोल गुच्छ) तर त्याच्या क्षितिजाखालीच. तो मेसिएच्या यादीत नाही म्हणून आपल्याकडची मंडळी बघायची विसरतात. चोरलच्या शेतावरून पहाटे दोनच्या सुमारास तो २० अंशांवर येईल. सगळ्या रात्रीत एकच गोष्ट बघायची म्हटलं तर मी ती बघेन.

आणि शेत शहराच्या दक्षिणेला आहे हे उत्तम झालं. इंदूरचा उजेड पाठीमागे, निमाडच्या बाजूचा अंधार समोर. उत्तरेकडच्या वस्तूंसाठी (एम ८१, ८२) हीच जागा वाईट. जागा बदलली की यादी बदलते.

पोहे_जिलबी | ७ मार्च, सकाळी ९:३०

काका, एवढा कुटाणा कशाला? स्टेलेरियममध्ये (आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) तारीख टाका, जागा टाका, यादी बनवा. पाच मिनिटांचं काम.

रामबागकर | ७ मार्च, दुपारी १:१५

भिया, मी पण तेच वापरतो. पण ते कोणती वस्तू वर आहे ते सांगतं, कोणती *दिसेल* ते सांगत नाही. गेल्या वर्षी तुमच्याच यादीत एम ३३ होता, आठवतं?

पोहे_जिलबी | ७ मार्च, दुपारी १:२२

आठवतं 😐 पाऊण तास.

विश्वामित्रीकाठी | ७ मार्च, रात्री ९:५०

बडोद्याहून दोन पैसे. पोहे_जिलबी यांचा पाऊण तास का गेला ते सूचीतच लिहिलेलं असतं, फक्त दोन रकाने एकत्र वाचावे लागतात.

एम ३३ ही दीर्घिका, तिची प्रत (तेजाचा आकडा) ५.७. आता एम ५७ घ्या, कंकणासारखा तेजोमेघ, त्याची प्रत ८.८. प्रतीचा आकडा कमी म्हणजे वस्तू ठळक, म्हणून माणूस एम ३३ कडे धावतो. पण ५.७ हा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर पडणारा आकडा. एम ३३ आकाशात साधारण ७० गुणिले ४० कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पसरलाय, एम ५७ दीड गुणिले एक कलेपेक्षाही लहान. एक वाटी तूप परातभर पसरलं की चमकत नाही, चमच्यात असलं की चमकतं.

हिशेब करायचा तर: लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.७८५, त्याचा लॉग, गुणिले अडीच, आणि ते प्रतीत मिळवा. एम ३३ चं दर चौरस कलेला १४.१ येतं, एम ५७ चं ८.९. पाच प्रतींचा फरक म्हणजे १०० पट. एक्सेलमध्ये हा एक रकाना वाढवा आणि त्याच्यावर यादी लावा, निम्मं काम झालं. शहरातून बघायचं असेल तर मी ११ च्या पुढचं घेतच नाही. अंधाऱ्या जागी १३ पर्यंत सुखाने, १४ म्हणजे डोळ्यांची परीक्षा.

तारकागुच्छांना हा नियम लावू नका, तिथे सुटे तारे दिसतात, त्यांचं गणित वेगळं.

सांजवात | ७ मार्च, रात्री ११:३१

हे कुणी आधी का सांगितलं नाही! रकाना टाकला. एम १०१ यादीत एकदम तळाला गेला, आणि एनजीसी २३९२ नावाचं काहीतरी वर आलं ज्याचं मी नावही ऐकलं नव्हतं.

रामबागकर काका, मला अहो-जाहो नको, मी अजून कॉलेजात आहे.

रामबागकर | ८ मार्च, सकाळी ६:५०

बरं गं. २३९२ मिथुनेतला ग्रहीय तेजोमेघ (ताऱ्याने शेवटी बाहेर टाकलेलं वायूचं कवच). विल्यम हर्षलला १७८७ मध्ये सापडला. त्याच्या वर्गवारीत चौथा वर्ग अशा तेजोमेघांचा, आणि हा त्यातला ४५ वा. कमी पॉवरने तारा वाटतो, शेजारी खराच एक तारा आहे, दोन्ही सारखेच दिसतात. १५० पटीच्या पुढे नेलं की एक नुसता तारा राहतो आणि दुसऱ्याला गोंडा फुटतो.

पण सांभाळ. त्याची क्रांती अधिक २१, आपला अक्षांश २२.७. म्हणजे तो थेट डोक्यावरून जातो आणि डोक्यावर डॉब वळत नाही. तळाला धरून ढकललं की नळकांडं जागच्या जागी गिरकी घेतं. दोघं मिळून खेचलं तरी वस्तू पळते. २१ तारखेला तो आठला माथ्यावर असेल, तेव्हा त्याला हात लावू नकोस. सव्वानऊनंतर घे, पश्चिमेला कलल्यावर. एम ४४ चं पण तेच, तो नऊनंतर माथ्यावर येतो. मी यादीत अशा वस्तूंपुढे "डोक्यावर" असा शिक्का मारतो.

लष्करवाली | ८ मार्च, सकाळी ११:२०

ग्वाल्हेरहून हजर. आमच्याकडे ओमेगा १६ अंशांवरच येतो, तेव्हा इंदूर-बडोदेवाल्यांनो, मिरवा.

माझी एक चूक सांगते, कुणाला उपयोग झाला तर. सुरुवातीला माझ्याकडे एका जुन्या सूचीच्या झेरॉक्स होत्या. विषुवांश-क्रांती नीट घेतली, सेटिंग सर्कल (दुर्बिणीवरची आकड्यांची चकती) नीट लावलं, बघते तर रिकामं आकाश. एक नाही, सलग सहा वस्तू. मला वाटलं आरसा हलला. आरसा काढून परत बसवला, कोलिमेशनमध्ये (आरशांच्या जुळणीत) दोन रविवार गेले. महिन्याभराने झेरॉक्सच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात १९५० दिसलं. संपात (जिथून विषुवांश मोजतात तो बिंदू) चळतो वर्षाला ५० विकला, ५० वर्षांत ४२ कला. माझ्या २५ मिमी आयपीसचं क्षेत्र जेमतेम एक अंश, मधून कडेपर्यंत ३० कला. वस्तू दर वेळी बरोबर कडेच्या बाहेर उभी असणार, माझी गंमत बघत.

हल्लीच्या सूच्या २००० च्या असतात, त्यात आजवर २० कलांचा फरक पडलाय. स्टार हॉपिंगवाल्यांना (ताऱ्यावरून ताऱ्यावर जात वस्तू गाठणाऱ्यांना) त्याने काही होत नाही. पण आकडा कोणत्या सालचा ते आधी बघा.

अवकाळी | ८ मार्च, दुपारी ३:०५

ड्रायरचे मूळ आकडे कोणत्या सालचे?

लष्करवाली | ८ मार्च, दुपारी ३:४०

१८६०. त्याची वर्णनं मात्र अजून वाचते. एकेका अक्षराचे संक्षेप: ठळक, मोठा, गोल, मध्याकडे हळूहळू उजळ. आणि विशेष असेल तिथे उद्गारचिन्ह. मृगातल्या तेजोमेघाला तीन दिलीत. मी एकदा नुसत्या उद्गारचिन्हवाल्यांची यादी करून एक हिवाळा काढला.

पोहे_जिलबी | ९ मार्च, रात्री ८:१५

आणि पावसाळ्याचं काय? विलायती याद्यांत धनू-वृश्चिक "उन्हाळी आकाश" म्हणून दिलेलं असतं, जुलै-ऑगस्ट. जुलैत आपल्याकडे छत्री.

रामबागकर | ९ मार्च, रात्री ९:००

अगदी. धनूचा सगळा ऐवज, एम ८, २०, २२, हा जूनच्या मध्यानंतर आपल्यासाठी बुडाला. तो एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर उठून बघायचा, नाहीतर ऑक्टोबरात दिवेलागणीनंतर तासाभरात उरकायचा. म्हणून मी वर्षाची यादी जूनपासून सुरू करत नाही, ऑक्टोबरपासून करतो. ऑक्टोबरला एनजीसी २५३, ती कॅरोलाइन हर्षलला १७८३ मध्ये सापडली आणि मेसिएच्या यादीत नाही, तिच्यापासून श्रीगणेशा. मेच्या शेवटी धनू. मग दुर्बिणीवर चादर.

हर्षल ४०० नावाची यादी पुढे कधीतरी घे. विल्यम हर्षलने इंग्लंडातून पाहिलेल्यांपैकी ४०० निवडल्यात, तेव्हा इथून एकही कायमची क्षितिजाखाली राहत नाही. पण ती दोन-तीन हिवाळ्यांची गोष्ट आहे.

अवकाळी | १२ मार्च, रात्री १०:१८

अमावस्या १९ ला ना? पाडवा पण १९ लाच. म्हणजे मेसिए मॅरेथॉनवाल्यांनी रात्रभर जागून सकाळी गुढी उभारायची.

रामबागकर | १२ मार्च, रात्री ११:०२

मॅरेथॉनचा मुहूर्तच तो आहे, मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतची अमावस्या. तेव्हाच एका रात्रीत जवळजवळ सगळे ११० मावतात, आणि आपला अक्षांश त्यासाठी फार चांगला. संध्याकाळी मीनेतल्या एम ७४ ची घाई, पहाटे मकरेतल्या एम ३० ची. मी एकदाच केली, ९७ झाले. पण ते बघणं नव्हे, हजेरी घेणं आहे.

तिथीवरून आठवलं. तीन-चार वर्षांपूर्वी देपालपूरकडच्या एका शेतावरच्या राखणदाराला मी फोनवर सांगितलं, "चैत की अमावस को आएँगे, छत साफ रखना." मी आपलं घरच्या कॅलेंडरप्रमाणे बोललो. माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. म्हणजे आपली फाल्गुन अमावस्या ती त्यांची चैत्र. त्या भल्या माणसाने महिनाभर आधीच गच्ची झाडली, खाट टाकली, माठ भरला, सुनेकडून दाल-बाफले करवले आणि रात्री अकरापर्यंत फाटकात उभा राहिला. आम्ही महिन्याने उगवलो तेव्हा फाटकाला कुलूप, तो निमाडात लग्नाला. रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावली, दर दहा मिनिटांनी ट्रॅक्टरचा दिवा डोळ्यांत. पुढे भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "आपने तो चैत ही बोला था, साहब." आमच्या पिढ्यान्‌पिढ्या इथे गेल्या आणि मला हे साठाव्या वर्षी कळलं.

सांजवात | १५ मार्च, संध्याकाळी ७:४४

२१ तारखेची यादी केली. चंद्रकोर नऊच्या सुमारास मावळते, तिथून सुरू. जे आधी मावळणार ते आधी:

एम ७९, एनजीसी २३६२, एम ४६ (त्याच्यापुढचा एनजीसी २४३८ पण), २३९२ "डोक्यावरून उतरल्यावर", एम ६७, एनजीसी ३२४२, सिंहेतलं त्रिकूट एम ६५-एम ६६-३६२८, एम ८४ आणि ८६, एम १०४, एम ५१, एम ३, एनजीसी ५१२८, ओमेगा.

विश्वामित्रीकाठी | १५ मार्च, रात्री १०:०५

तेरा नोंदी, छान. माझ्या पहिल्या यादीत ५२ होत्या. शेवटच्या दोघांसाठी चार्ट लागणार नाही: चित्रा बरोबर दक्षिणेला आली की सरळ तिच्या खाली या. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश. सव्वातीन मुठी खाली ५१२८, आणखी अर्धी मूठ खाली ओमेगा. तिघांचा विषुवांश जवळपास एकच.

सांजवात | २२ मार्च, दुपारी ४:३०

नुकतीच उठले. हिशेब देते.

एम ७९ बाभळीत गेला, बघायला गेले तेव्हा फांद्याच. जागेची झाडं यादीत धरायला हवी होती. ३६२८ नाही दिसली, बाकी दोघी दिसल्या. ३२४२ पटकन सापडला, फिकट निळसर, वाटोळा. एम ४६ मध्ये २४३८ आधी दिसेना. मग मान तिरकी करून कडेने बघितलं तर ताऱ्यांच्या गर्दीत राखाडी टिकली होती, सरळ बघितलं की परत गायब. हे दहा वेळा केलं, खोटं वाटत होतं म्हणून. एम ५१ चे दोन ठिपके दिसले, फिरक्या वगैरे काही नाही. ५१२८ बघताना पलीकडच्या शेतात कुणीतरी हॅलोजन लावला, ती अर्धवट राहिली. एकंदर दहा पूर्ण.

ओमेगा आधी नुसत्या डोळ्यांनी दिसला, जरा पुसट तारा. मग २५ मिमीमधून. आई गाडीत शाल घेऊन झोपली होती, तिला उठवून आणलं. बराच वेळ डोळा काढेना. म्हणाली, "हे धुकं नाही हं. हा रवा आहे, बारीक रवा. परातीत चाळलेला."

बाबांनी गाडी पुढच्या अमावस्येला पण देतो म्हटलंय. काका, येणार का? धनूचं पहाटेचं तुम्हीच म्हणाला होतात.

रामबागकर | २२ मार्च, संध्याकाळी ६:१०

येतो. थर्मास माझा, शेव माझी. आईंना आण. १७ एप्रिल, शुक्रवार, निघायचं रात्री साडेनऊला. तिथी लिहीत नाही.